बोयावरचा आकडा

सप्टेंबर सरताना पॉइंट लोमाच्या आमच्या दुकानात
दर तिसरं गिऱ्हाईक जाळी मागतं.
चांगली द्या, म्हणतात, महागातली, दहा.
ओढणार कोण, असं विचारलं
की आपल्या बोटीकडे बघतात.

नोएमी बेतेंकूर मात्र जाळी घेऊनच आली.
पाच कड्या, एकीत एक बसवलेल्या,
बापाच्या गॅरेजातून काढलेल्या,
मिठानं पांढऱ्या पडलेल्या,
आणि एकीच्या तळाशी अजून अडकलेली
शेवंडीची एक वाळकी मिशी, वीतभर.

"चालतील?"

मी एक कडी फरशीवर टाकली.
ही चपटी. तळाला पोचली की अशी पसरते, ताटासारखी.
शेवंड चालत येते, जेवायला बसते,
आपण कशात बसलोय हे तिला कळतही नाही.
पण ओढताना पहिले दोन वाव जीव खाऊन ओढायचे.
जरा ढील दिलीस
की शेपटीचा एक फटका, आणि ती मागच्या मागे पसार.

आणि ही दुसरी, उभी, वरती निमुळती.
ही कोसळत नाही. हिच्यात चढून उतरावं लागतं,
निघायचं तर शेवंडीला विचार करावा लागतो.
सावकाश ओढलीस तरी चालते.
साठीनंतर मी हीच वापरतो,
हे सांगितलं. खांद्याचं सांगितलं नाही.

"डॅडी कुठली वापरायचे, शेवटी शेवटी?"

चपटीच. सावकाश ओढायचं असेल
तर सरळ बाजारात जा, म्हणायचा.

मग ती स्टुलावर बसली. मी जाळी तपासली.
दोन कड्या गंजलेल्या, त्या बाद.
उरलेल्या तिन्हींचे लगाम नवे केले:
तीन दोऱ्या, अगदी सारख्या,
एक बोटभर जरी आखूड झाली
तरी जाळं लंगडत वर येतं.
मधोमध तारेचा डबा, आत बांगड्याची डोकी,
झाकण दोनदा आवळायचं,
सी लायनला आपल्यापेक्षा जास्त वेळ असतो.
दोर पाण्याच्या खोलीइतका नाही, त्याहून तिसरा हिस्सा जास्त,
नाहीतर लाट बोया उचलते आणि बोया जाळं.

जुना दोर ती टाकू देईना.
त्याच्यावर गाठी होत्या, दर पाच वावांवर एक,
काळोखात बोटांनी मोजायला.
आणि चौथीच्या पुढे, हातभर अंतरावर,
एक जास्तीची.
"ही कशाची?"
मला ठाऊक नव्हतं.
तीस वर्षं आम्ही एकाच धक्क्यावरून निघालो,
त्यानं जागा मलाही सांगितल्या नाहीत.

राहिला बोया.
पांढऱ्यावर काळ्या रंगानं त्याचा परवान्याचा आकडा,
सातला आडवी रेघ, त्याच्या गावच्या पद्धतीनं.
तो चालणार नाही, मी म्हणालो,
जाळं जो टाकेल त्याचाच आकडा लागतो.
थिनरची बाटली आणि फडकं पुढे ठेवलं
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलो,
गळ मोजायला. ते मोजलेलेच होते.

परत आलो तर दोन बोये पुसून झाले होते,
नवे आकडे ओले होते.
तिसरा तिनं तसाच पिशवीत ठेवला.
"एक नवा द्या," म्हणाली.
तिच्याही सातला रेघ होती.

मोसम उघडला त्या शुक्रवारी ती भाच्याला घेऊन गेली.
शनिवारी आली तेव्हा डोळे लाल, हाताला सालपटं.
किती?
चार मापपट्टीत बसल्या नाहीत, सोडल्या.
एक बसली.
जॅकेटला बांगड्याचा वास येत होता,
रांगेतला माणूस जरा मागे सरकला.

पैसे देता देता म्हणाली,
"ती जास्तीची गाठ. कळली मला."

कुठली जागा? मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
थेट त्याच्यासारखं,
आणि सुटे पैसे मोजू लागली.